नोकरी सुटली, आरोग्याचे कवच कुठवर?

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता अमलात आणल्या. तेव्हापासून चर्चा झाली ती मुख्यतः हाती पडणाऱ्या पगाराची आणि ग्रॅच्युइटीची. नोकरी सुटल्यावर कुटुंबाचा वैद्यकीय आधार किती काळ टिकतो, हा प्रश्न मागेच राहिला. पर्यटनाच्या हंगामावर चालणाऱ्या गोव्यात तो पावसाळ्याच्या तोंडावर अनेक घरांत उभा राहतो.

अमेरिकेत १९८६च्या ‘कोब्रा’ कायद्याने २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांवर याबाबत थेट बंधन घातले. नोकरी गेलेल्या कर्मचाऱ्याला साधारणतः १८ महिने समूह विम्यात राहता येते आणि त्याला हा हक्क लेखी कळवावा लागतो. हप्ता मात्र त्यानेच भरायचा. तो मूळ खर्चाच्या १०२ टक्क्यांपर्यंत असू शकतो. भारतात असे सरसकट बंधन नाही. येथे कवच टिकण्याच्या प्रमुख वाटा दोन.

पहिली वाट कर्मचारी राज्य विमा योजनेची, म्हणजे ईएसआयची. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांत, मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेल्यांना ती लागू होते. मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के वर्गणी भरतो. ऑक्टोबर ते मार्च या काळातील वर्गणीचा लाभ पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतो. या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा असेल, तर मधल्या काळात काम सुटले तरी जुलैपासूनचे उपचार बंद होत नाहीत. हॉटेलातील हंगामी कामगाराला ऐन पावसाळ्यात लाभणारा हा आधार आहे.

मात्र हा आधार सर्वस्वी मालकाच्या नोंदींवर उभा आहे. वर्गणी पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरली नाही किंवा कामाचे दिवस कमी दाखवले, तर नुकसान कामगाराला सोसावे लागते, आणि तेही नोकरी गेल्यावर. कंत्राटदाराकडून माणसे घेतली म्हणून मूळ मालकाची जबाबदारी संपत नाही. पगार मध्येच २१,०००च्या वर गेला, तरी त्या सहामाहीच्या अखेरीपर्यंत वर्गणी चालू ठेवावीच लागते; नाव लगेच कमी करणे नियमात बसत नाही.

दुसरी वाट अधिक पगाराच्या कर्मचाऱ्यांची, कंपनीच्या समूह विम्याची. हे संरक्षण बहुधा नोकरीबरोबरच संपते. तथापि विमा नियामकाच्या नियमांनुसार सदस्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते आणि आधी काढलेला प्रतीक्षाकाळ हिशेबात धरला जातो. मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांसाठी हे मोलाचे आहे. तरीही नोकरी सोडताना ही माहिती देणारे मालक विरळाच.

नियम आहेत, उणीव आहे ती ते वेळेवर कळवण्याची. सेवामुक्तीच्या पत्रात वर्गणीचे दिवस, लाभाची अखेरची तारीख आणि विमा बदलण्याचा पर्याय या तीन ओळी बंधनकारक करण्याचा विचार राज्याच्या कामगार खात्याने करावा. मालकाला त्यासाठी वेगळा खर्च नाही. तोवर कामगारांनी शेवटचा पगार घेतानाच आपल्या खात्यावर किती दिवसांची वर्गणी जमा आहे, हे पडताळून पाहावे. रुग्णालयाच्या दारात ही चौकशी करण्याची वेळ येऊ नये.