पिंगळ्याची साक्ष

पावसाळा सरला की बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आणि भांडुप-मुलुंडच्या खाडीकाठी दुर्बीण घेतलेले हौशी निरीक्षक दिसू लागतात. त्यांच्यामागोमाग दुर्मिळ पक्षी दिसल्याच्या वार्ताही येतात. सांगणारा नामवंत असला तर वार्ता तत्काळ मान्य होते. तो एखादा कारकून वा शाळकरी विद्यार्थी असला तर ती हसण्यावारी नेली जाते. या दोन्ही रीती सारख्याच घातक आहेत. साक्षीदाराची प्रतिष्ठा हा पुरावा नव्हे, हा धडा महाराष्ट्राच्याच एका पक्ष्याने शिकविला आहे.

तो पक्षी म्हणजे वनपिंगळा. १८७२ साली मिळालेल्या नमुन्यावरून ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन केले. १८८० च्या दशकात खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने त्याचे काही नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र तो दिसेनासा झाला. अपवाद एकच. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या विख्यात पक्षितज्ज्ञाने आपल्याला १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे वनपिंगळा मिळाल्याचे नमूद केले. एवढ्या मोठ्या माणसाच्या शब्दावर शंका कोण घेणार? पुढे त्या प्रदेशात झालेले शोध निष्फळ ठरले, आणि पक्षी बहुधा नामशेष झाला असावा, असे मानले जाऊ लागले.

अखेर पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी त्या नमुन्याचीच उलटतपासणी केली. क्ष-किरणांत त्याची मूळ घडण डेव्हिडसन यांच्या हातची असल्याच्या खुणा सापडल्या. संग्रहालयातील जुना नमुना चोरून, त्यात नव्याने पेंढा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती! कर्नलची नोंद बाजूस सारून रासमुसेन व त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या नोंदींच्या स्थळांकडे वळले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, ११३ वर्षांनी वनपिंगळा पुन्हा सापडला. लबाडीचा सविस्तर वृत्तांत १९९९ साली प्रसिद्ध झाला.

या प्रकरणातील मर्म असे की, पक्षी खरा होता; खोटी होती ती चिठ्ठी. आज नमुन्याची जागा छायाचित्राने घेतली आहे. पण छायाचित्र पक्ष्याची ओळख पटवील, स्थळ-काळाची हमी देणार नाही. म्हणून चौकशी हवी ती कथनाची. पक्षी किती अंतरावरून, कोणत्या प्रकाशात, किती वेळ दिसला? टिपण जागेवरच केले, की घरी पुस्तक चाळल्यावर? त्या ऋतूत, त्या अधिवासात तो संभवतो काय? आणि मुख्य म्हणजे, त्याच्यासारखा दिसणारा नेहमीचा पक्षी कोणत्या खुणेवरून वगळला? साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, वनपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते, हे न पाहता केलेला दावा उत्साहाचा असेल, पुराव्याचा नव्हे.

अशा चौकशीने हौशी मंडळी नाउमेद होतील, असा आक्षेप घेतला जातो. तो पटण्यासारखा नाही. ‘सिद्ध झाले नाही’ म्हणजे ‘तुम्ही खोटे बोलता’ असे नव्हे. हातून प्रामाणिक चूक कोणाच्याही होते. ती मान्य करणाऱ्याची पुढची नोंद अधिक वजनदार ठरते. उलट अनपेक्षित म्हणून वार्ता झिडकारणेही तितकेच चूक. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तानसाच्या अरण्यात, सह्याद्रीच्या पट्ट्यात, वनपिंगळा असेल अशी कोणाची अपेक्षा नव्हती; तरी २०१४ साली तेथून त्याची नोंद झाली. ती केवळ अनपेक्षित म्हणून दडपली असती, तर त्या अरण्याचे एक मोठे मोल अज्ञातच राहिले असते.

कोणते रान राखावे, रस्ता कोठून न्यावा, खाडीचा कोणता तुकडा भरावापासून वाचवावा, हे निर्णय अशाच नोंदींच्या आधारे मागितले जातात. त्यांतील एक नोंद खोटी निघाली की दहा खऱ्या नोंदींवरचा विश्वास उडतो, आणि त्याची किंमत निरीक्षक नव्हे, पक्षी मोजतो. तेव्हा कर्नलचा नमुना असो वा विद्यार्थ्याची वही, तपासणीचा काटा एकच असला पाहिजे.