ट्रॉम्बेचे यंत्र, काशीचा रुग्ण

जुन्या काळी काशीयात्रेला निघालेला मराठी माणूस घरादाराचा निरोप घेऊनच निघे. परत येईल याची खात्री नसे. गेल्या काही दशकांत याच्या उलट दिशेची एक यात्रा सुरू झाली. बनारस, गाझीपूर, बलियाकडची माणसे गाठोडे बांधून मुंबईच्या गाडीत बसू लागली आणि परळच्या टाटा रुग्णालयाजवळच्या फूटपाथवर पथारी टाकू लागली. कर्करोगावरचे किरणोपचार एका दिवसात उरकत नाहीत. आठवड्याला पाच दिवस, असे अनेकदा पाच-सहा आठवडे चालतात. किरण सोडण्याचे काम रोज काही मिनिटांचे, पण त्यासाठी दोन माणसांनी दीड महिना परमुलखात काढायचा! सोबतच्याचा रोजगार बुडतो तो वेगळाच. त्यामुळे उपचार अर्धवट टाकून गावी परतणारेही कमी नसत.

2018 साली वाराणसीच्या लहरतारा भागातले रेल्वेचे कर्करोग रुग्णालय टाटा स्मारक केंद्राकडे आले. ज्या तळ्याकाठी कबीर सापडले असे सांगतात, तेच हे लहरतारा. पुढे 19 फेब्रुवारी 2019 रोजी काशी हिंदू विद्यापीठाच्या आवारात पंडित मदनमोहन मालवीयांच्या नावाचे मोठे कर्करोग केंद्र सुरू झाले. त्याच दिवशी शहरात ‘भाभाट्रॉन’ या किरणोपचार यंत्राची नवी आवृत्तीही राष्ट्राला अर्पण करण्यात आली.

हे यंत्र मूळचे आपल्या ट्रॉम्बेचे. भाभा अणुसंशोधन केंद्रात त्याची रचना झाली, पहिले यंत्र 2005 साली खारघरच्या टाटा केंद्रात बसले आणि उत्पादन बंगळूरच्या पॅनेशिया कंपनीकडे गेले. त्याआधी अशी यंत्रे प्रामुख्याने परदेशातून यायची. किंमत तर जबर असेच, पण एखादा सुटा भाग बिघडला की तो येईपर्यंत रुग्णांनी नुसते थांबायचे.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. शिशासारख्या जड धातूंच्या जाड कवचात कोबाल्ट-60 ठेवलेले असते. त्यातून किरण आपोआप निघत राहतात. वीज लागते ती यंत्र हलवायला आणि किरणांना वाट करून द्यायला. भाभाट्रॉनला बॅटरीची जोड असल्याने मध्येच वीज गेली तरी चालू उपचार पूर्ण करता येतो. श्रीमंत देशांनी कोबाल्ट केव्हाच मागे टाकून लिनॅक हे विजेवर किरण निर्माण करणारे यंत्र घेतले. ते अधिक नेमके आहे, यात वाद नाही. मात्र त्याला स्थिर वीज, थंड पाणी आणि सततची निगा लागते. ज्या गावात पंखासुद्धा भरवशाचा नाही, तिथे त्याचे काय करणार?

निर्यातीची संधी नेमकी इथेच आहे. आफ्रिकेतल्या वीसहून अधिक देशांत किरणोपचाराची कसलीच सोय नाही, असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 2022 साली जाहीर केले होते. भारताने 2010 साली व्हिएतनामच्या कॅन थो शहरातील रुग्णालयाला भाभाट्रॉन दिले. 2016 साली केनियालाही एक देऊ केले. या दोन्ही भेटी होत्या, विक्री नव्हे. भेट देण्यात वावगे काही नाही, ओळख त्यानेच होते. पण भेटीवर कारखाना चालत नाही. शिवाय स्वतःची बहुतांश वैद्यकीय उपकरणे बाहेरून आणणाऱ्या देशाकडून यंत्र विकत घेताना गिऱ्हाईक चार प्रश्न विचारणारच.

त्यातला पहिला प्रश्न असतो, पुढे काय? कोबाल्टची शक्ती दरमहा सुमारे एक टक्क्याने घटते आणि सव्वापाच वर्षांत निम्मी होते. म्हणजे दोन मिनिटांच्या उपचाराला चार मिनिटे लागतात आणि बाहेरची रांग दुप्पट लांबते. मग नवा स्रोत बसवावा लागतो. भारताची बाजू इथे भक्कम आहे. राजस्थानातील रावतभाटा इथल्या अणुभट्टीत कोबाल्ट तयार होते आणि वाशीच्या ‘ब्रिट’ या सरकारी संस्थेकडून असे स्रोत पुरवले जातात. यंत्र घेणारा देश त्यामुळे वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक होऊ शकतो.

पण जबाबदारीही तितकीच लांबते. यंत्रासाठी जाड काँक्रीट भिंतींची खोली हवी, मात्रेचा हिशेब करणारा वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ हवा, हाकेच्या अंतरावर दुरुस्ती करणारा अभियंता हवा. आणि जुना स्रोत परत न्यायला कोणी तरी हवेच हवे. थायलंडमध्ये 2000 साली टाकून दिलेल्या किरणोपचार यंत्राचा कोबाल्ट असलेला भाग भंगारवाल्यांच्या हाती पडला, त्यात तीन माणसे दगावली. नुसते यंत्र जहाजात चढवून हात झटकणाऱ्याने या धंद्यात पडू नये, हे बरे.

घरात विज्ञान शाखेची पदवीधर मुले असतील त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, भाभा केंद्राचा किरणोत्सार भौतिकशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम 1962 पासून चालू आहे. त्यासाठी भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. आपले यंत्र परदेशी जाईल तिथे ते चालवायला शिकवणारी माणसेही सोबत न्यावी लागतील. खरेदीदारांना बनारसला आणून दाखवणेही सोपे. बलियाहून आलेली बाई आपली पाळी संपवून कार्डावर उद्याची वेळ लिहून घेते आणि जाता जाता तंत्रज्ञाला विचारते, “उद्या मशीन चालू असेल ना?”