प्रकाशाचा वेग ही ध्वनीची भिंत नव्हे



आपल्या रविवार पुरवणीतील आंतरतारकीय प्रवासावरचा लेख वाचला. विज्ञानाला पूर्ण पान दिल्याबद्दल आभार. पण लेखाचा सगळा डोलारा ज्या विधानावर उभा आहे तेच चुकीचे आहे, आणि ते विद्यार्थ्यांच्या डोक्यात पक्के बसण्याआधी खोडून काढायला हवे. लेखक म्हणतात, ध्वनीचा वेगही एके काळी अशक्य वाटत होता. तो ओलांडला गेला, तसा प्रकाशाचाही आज ना उद्या ओलांडला जाईल.

ही तुलना मुळातच लागू पडत नाही. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक येगर यांनी बेल एक्स-१ विमानातून ध्वनीचा वेग ओलांडला, तेव्हा निसर्गाचा कोणताही नियम मोडला नाही. बंदुकीची गोळी तो वेग केव्हाच ओलांडत होती. आसूड कडाडतो, तोही त्याचे टोक ध्वनीपेक्षा वेगाने फिरते म्हणूनच. अडचण होती ती विमानाच्या बांधणीची.

प्रकाशाची गोष्ट वेगळी आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये प्रोटॉन सोडले जातात तेव्हा त्यांची ऊर्जा ४५० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट असते आणि त्यांचा वेग प्रकाशाहून सेकंदाला सुमारे ६५० मीटरने कमी असतो. २०१५ ते २०१८ या काळात ती ऊर्जा चौदा पटींहून जास्त वाढवून ६,५०० अब्जांवर नेली जात होती. एवढे करूनही प्रकाश सेकंदाला सुमारे ३ मीटरने पुढेच राहिला. उरलेले हे अंतर आणखी कितीही ऊर्जा ओतली तरी पूर्ण भरून निघत नाही. यात यंत्राचा कमकुवतपणा नाही. वस्तुमान असलेल्या कणाला प्रकाशाचा वेग गाठायला अनंत ऊर्जा लागते.

मग जन्मतःच प्रकाशाहून वेगवान असलेला कण का नसावा? हा प्रश्न गंभीर आहे आणि तो १९६२ मध्ये ई. सी. जी. सुदर्शन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलाही होता. पुढे १९६७ मध्ये जेराल्ड फाइनबर्ग यांनी अशा कणांना टॅकिऑन हे नाव दिले. असा एकही कण आजवर सापडलेला नाही. पण मला खरी अडचण त्याहून खोल वाटते, आणि आपल्या लेखात तिचा उल्लेखही नाही.

समजा, एक यान प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने पृथ्वीपासून दूर चालले आहे. निघाल्यापासून ३०० व्या दिवशी आपण त्याला तत्काळ पोचणारा संदेश धाडला. आपल्या हिशेबाने यानातले घड्याळ मंद चालते, म्हणून तिथे तो १८० व्या दिवशी मिळेल. मात्र यानातल्या लोकांच्या दृष्टीने पृथ्वीच दूर पळते आहे आणि पृथ्वीचेच घड्याळ मंद आहे. त्यांच्या १८० व्या दिवशी पृथ्वीवर १०८ वा दिवस चालू असतो. त्यांनी तसेच तत्काळ उत्तर दिले, तर ते आपल्याला १०८ व्या दिवशी मिळेल. प्रश्न विचारायचा आहे ३०० व्या दिवशी! सापेक्षता, कार्यकारणभाव आणि प्रकाशाहून वेगवान संदेश ही तिन्ही एकत्र नांदू शकत नाहीत. यातले कशावर पाणी सोडायचे, हे लेखकाने सांगायला हवे होते.

घड्याळ मंदावणे ही निव्वळ कल्पना नाही. वैश्विक किरणांमुळे वातावरणात उंचावर निर्माण होणाऱ्या म्यूऑन कणाचे सरासरी आयुष्य एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम सव्वादोन पट असते. तेवढ्यात त्याने सातशे मीटरही कापू नयेत, तरी असे असंख्य म्यूऑन जमिनीपर्यंत येतात. अशा कणांचे आयुष्य वेगामुळे लांबलेले दिसेल, हे होमी भाभा यांनी १९३८ मध्येच सांगितले होते. म्हणजे पुरेसा वेग गाठला तर प्रवासी स्वतःच्या हयातीत दूरच्या ताऱ्यावर पोचू शकतो, तेही नियम न मोडता. फक्त परत येईपर्यंत इथल्या कित्येक पिढ्या सरलेल्या असतील. लेखात खरे तर हे यायला हवे होते.

मेक्सिकोचे मिगेल अल्कुबिएरे यांनी १९९४ मध्ये मांडलेली कल्पना मात्र मी झटकून टाकणार नाही. तिच्यात यानापुढचा अवकाश आकसतो आणि मागचा प्रसरण पावतो. यान स्वतः जवळच्या प्रकाशकिरणाला कुठेच मागे टाकत नाही. आइनस्टाइनच्या समीकरणांत हे बसते. पण त्यासाठी प्रचंड प्रमाणात ऋण ऊर्जा लागते. ती मिळवण्याचा मार्ग कोणालाही माहीत नाही, आणि मिळाली तरी वरचा उलट्या काळाचा पेच सुटत नाही. याला ‘शास्त्रज्ञांनी शोधलेले इंजिन’ म्हणणे ही वाचकांची दिशाभूल आहे.

सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगातल्या संशोधकांना, सर्नपासून ७३० किलोमीटरवरच्या इटलीतील ग्रान सासो प्रयोगशाळेत न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचे आढळले. त्यांनी विजयाचा डंका पिटला नाही; चूक शोधायला मदत करा, असे जगाला सांगितले. पुढच्याच वर्षी नीट न बसलेली प्रकाशतंतूची जोडणी सापडली आणि तो वेग हिशेबातून गेला. ‘आइनस्टाइन चुकला’ हे मथळे मात्र तोवर जगभर छापून झाले होते. आपल्या पुरवणीने पुढच्या अंकात ध्वनीच्या भिंतीची ती तुलना ठळकपणे दुरुस्त करावी, ही विनंती.

— भौतिकशास्त्राची एक शिक्षिका