तेल दाट, पाणी पातळ आणि मार्क शून्य

मागच्या विकांताला सातपाटीला गेलो होतो. आजोळ माझं. पालघरला उतरायचं, रिक्षात कोंबून घ्यायचं, सुक्या मासळीचा वास आला की समजायचं, पोचलो. जाण्याचा उद्देश अर्थातच पापलेट. (२०२३ मध्ये सरकारने त्याला राज्य मासा केलं. आमच्या घरात तो दर्जा त्याला फार आधीपासून होता.) पण ताट यायच्या आधीच मामेबहिणीच्या मुलीने चाचणीचा पेपर पुढे केला. आठवीत आहे ती.

"मामा, हे का चुकलं सांग ना. बाईंनी नुसती फुली मारलीय."

प्रश्न होता: खोबरेल तेल आणि पाणी यांपैकी कशाची घनता जास्त? कारण द्या. हिचं उत्तर: तेलाची, कारण ते पाण्यापेक्षा दाट असतं.

मी विचारलं, "बंदरात डिझेल सांडतं, ते कुठे जातं?"

"वरच तरंगतं की. रंगीत रंगीत."

"मग जड कोण?"

ती गप्प. मग म्हणाली, "पण ते शाळेतलं नाही ना."

मंडळी, हे वाक्य मला गेले आठ दिवस छळतंय. डिझेल तरंगतं हे तिला तिसऱ्या वर्षापासून माहीत आहे. घनता = वस्तुमान भागिले आकारमान हेही पाठ आहे. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात राहतात, पण एकमेकींना ओळखत नाहीत! आमच्या धंद्यात असा कोड कोणी लिहिला तर रिव्ह्यूमध्ये सोलून काढतात. इथे मात्र फुली मारून पुढचा धडा.

आता मुलीची चूक बघा किती शहाणी आहे. मराठीत 'घन' म्हणजे दाट. घनदाट जंगल म्हणतो आपण. वरण दाट, ताक पातळ, तेल दाट. मग 'घनता' म्हणजे दाटपणा असं तिला वाटलं तर तिने भाषा नीट ऐकली असाच त्याचा अर्थ. ओतताना तेल संथ वाहतं त्या गुणाला विज्ञानात श्यानता म्हणतात आणि तिचा घनतेशी काही संबंध नाही. एक लिटर पाणी १ किलो, एक लिटर खोबरेल साधारण ९२० ग्रॅम. संपला विषय. पण हे एक वाक्य वर्गात कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं ना? 'पोरांनो, हा शब्द तुम्हाला फसवणार आहे' असं?

याहून भारी उदाहरण हवं असेल तर आमच्याच किनाऱ्यावर उत्तरेला तारापूर आहे. तिथल्या अणुवीज केंद्राच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्या जड पाणी वापरणाऱ्या जातीच्या. जड पाणी दिसायला अगदी पाणीच, पण एक लिटरला १.१ किलो. त्याचा बर्फ साध्या पाण्यात टाकला तर बुडतो. घनता डोळ्यांना दिसत नाही, ती तोलून काढावी लागते, हे सांगायला यापेक्षा चांगली गोष्ट पालघर जिल्ह्यातल्या शिक्षकाला कुठे मिळणार?

दाबाची कथा तर आणखी वाईट. 'कामाचं फार प्रेशर आहे' असं आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, म्हणजे बोलीत दाब आणि जोर एकच. भाचीला गणित घातलं: ६० किलोचा माणूस, दोन पावलांचं मिळून क्षेत्रफळ ०.०४ चौरस मीटर, दाब किती? तिने दहा सेकंदांत १५,००० पास्कल काढले. शाब्बास! मग विचारलं, हे जास्त की कमी? "म्हणजे?" म्हणाली. म्हणजे काय म्हणजे! तुझ्या घरामागे खाडीचा गाळ आहे. त्यात माणूस गुडघाभर रुततो आणि दीड मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद फळीवर तोच माणूस उभा राहिला तर फारसा रुतत नाही. वजन तेच, पण दाब अकरा पट कमी. हा अकराचा आकडा तिला काढता येत होता. तो कशासाठी काढायचा, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि एक पास्कल म्हणजे किती? एक चौरस मीटर लादीवर १०० मिली, म्हणजे अर्धा कप पाणी सारखं पसरा. त्या थराने लादीवर पडतो तो दाब, जवळजवळ एक पास्कल. आपल्या अंगावर हवेचा असतो सुमारे एक लाख. मी स्वतः इंजिनीअर होऊन बाहेर पडलो तरी मला हे कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं होतं? खरं सांगा.

आता नेहमीचे आक्षेप. पहिला: 'पुस्तकच तसं आहे.' नाही हो. आठवीच्या बालभारतीच्या पुस्तकात 'बल व दाब' हा धडा आहे, त्यात आर्किमिडीज आहे, 'करून पहा' आहे. भाचीच्या वर्गात ते 'करून पहा' मोठ्याने वाचून दाखवलं. झाला प्रयोग! दुसरा: 'पोर्शन संपवायचा असतो.' मान्य. एकेका वर्गात किती मुलं असतात तेही मान्य. पण बादली, तेल, फळी आणि तराजू यांना दोन तास लागतात. त्याच दोन तासांत सूत्राची दहा गणितं सोडवून घेतली जातात, ती कोणाच्या उपयोगाची? तिसरा आक्षेप सर्वांत गोड: 'कोळ्यांच्या पोरांना हे आपोआप कळतं.' साफ चूक. आपोआप कळत असतं तर ती फुली पडली नसती. अनुभव म्हणजे विज्ञान नव्हे. पण ज्याच्यावर विज्ञान उभं करायचं तो पाया किनाऱ्यावरच्या मुलांकडे फुकट आलेला असतो आणि शाळा तो बाहेर चपलांशेजारी काढून ठेवायला लावते.

जेवण झाल्यावर तिला घोळ माशाबद्दल विचारलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये खाडीपलीकडच्या मुरब्याच्या बोटीला १५७ घोळ मिळाले आणि ते १ कोटी ३३ लाखांना गेले, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पैसा कशाचा? मुख्यतः पोटातल्या हवेच्या पिशवीचा. पण ती पिशवी माशाला कशाला हवी? मांस पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणून पिशवीत वायू भरून मासा स्वतःची सरासरी घनता पाण्याइतकी करतो, म्हणजे न बुडता, न तरंगता राहता येतं. तीस मीटर खोल, हवेचा धरून साधारण चार वातावरणांचा दाब. जाळ्यातून झटकन वर आणला की एकच. पिशवीतला वायू चौपट व्हायला बघतो. एका माशाच्या पोटात घनता आणि दाब हे दोन्ही विषय!

भाची क्षणभर थांबली आणि म्हणाली, "म्हणून पोट फुगलेलं असतं?"

हो गं बाई, म्हणूनच.

हा प्रश्न तिने स्वतः विचारला, कुठलंही सूत्र न म्हणता. आणि हीच मुलगी तासाभरापूर्वी आईला सांगत होती की, सायन्स मला जमत नाही, मी दहावीनंतर कॉमर्स घेणार. कॉमर्सला माझा अजिबात विरोध नाही. पण तेराव्या वर्षी, एका फुलीमुळे आणि एका न सांगितलेल्या शब्दामुळे? हा निर्णय नव्हे, हा अपघात आहे. असे किती अपघात रोज होतात आणि आपण म्हणतो 'पोरगं हुशार नाही'.

असो. तुमच्या घरात, शेजारी, गावाला आठवीतलं कोणी असेल तर या शनिवारी लॅपटॉप बंद करा. एक वाटी तेल, एक वाटी पाणी आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. आधी विचारा, जड कोण? मग तोलू द्या. सूत्र रविवारी सांगितलं तरी चालेल.