मॅडमचा ॲक्सेंट आणि आपले कान

गेल्या महिन्यात वस्तीतल्या आमच्या अभ्यासिकेत काही पालक आले. म्हणाले, इंग्रजीच्या मॅडम बदला. कारण? "त्यांचं इंग्रजी गावठी वाटतं. पोरांना पुढे गोऱ्यांचं बोलणं कळणार नाही." मॅडम आपल्याच वस्तीतल्या, इंग्रजी घेऊन एम.ए. झालेल्या. तक्रार करणारेही आपलेच. 'आनि-पानी' म्हटलं म्हणून ज्यांना शाळेत हसले, त्यांनीच हे बोलावं याचं वाईट वाटलं.

अनोळखी उच्चार शिकणाऱ्याच्या कानाला अडतो, हे मान्य. पण दोष नेहमी शिक्षकाच्या जिभेचाच असतो का? डोनाल्ड रुबिन यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग 1992 साली प्रसिद्ध झाला. व्याख्यानाची टेप एकच, आवाज अमेरिकन बाईचा. काहींना ऐकताना गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईचा. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना परका ॲक्सेंट 'ऐकू' आला, आणि व्याख्यान कळलंही कमी. आवाज तोच! आडनाव कळल्यावर समोरच्याचे कान कसे बदलतात, हे आपण भोगलंय. आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

1995 साली कॅनडात मन्रो आणि डर्विंग यांनाही दिसलं की ॲक्सेंट जड वाटलेली वाक्यं ऐकणाऱ्यांनी बरेचदा शब्दन् शब्द बरोबर उतरवली होती. जड वाटणं वेगळं, न कळणं वेगळं.

खरी अडचण एकाच आवाजाच्या सवयीची आहे. परदेशी शिष्यवृत्तीसाठी धडपडणारी आपली पोरं आयईएलटीएसला बसतात. लिसनिंगचे 40 प्रश्न, साधारण 30 मिनिटं, रेकॉर्डिंग एकदाच. त्यात ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन, सगळे येतात. फक्त आपल्या मॅडमना ऐकून गेलेला पोरगा तिथे गडबडेल. पण फक्त एका लंडनवाल्याला ऐकून गेलेलाही गडबडेलच. (साताऱ्याच्या शाळेत इंग्रजी सुरू केलेले बाबासाहेब 1913 साली कोलंबियाच्या वर्गात जाऊन बसले, हे विसरू नका.)

म्हणून मॅडमना काढायचं नाही, आवाज वाढवायचे. रोज अर्धा तास वेगवेगळ्या देशांतल्या बातम्या, मुलाखती लावायच्या. आधी नुसतं ऐकायचं, मग लिहिलेला मजकूर समोर ठेवून पुन्हा ऐकायचं. आपल्या पोराचा कान नेमका कुठे अडखळला, हे ओळखून मराठीत समजावणार कोण? मॅडमच.

मॅडम आहेत. तक्रार घेऊन आलेल्यांपैकीच एकाने घरातला जुना स्पीकर आणून दिलाय. नेटचा रिचार्ज कोण भरणार, ते रविवारच्या बैठकीत ठरवू.