अजिंठ्याची घळ

अजिंठ्यास जाणारीं बहुतेक कुटुंबें चित्रें पाहून परततात. ज्या घळींत लेणीं आहेत ती पाहावयाची राहून जाते. जळगांवकरांनीं श्रावणांत जावें आणि प्रथम समोरचा माथा गांठावा. १८१९ सालीं शिकारीस आलेल्या जॉन स्मिथला लेण्याची कमान दिसली ती याच बाजूनें. (पुढें दहाव्या लेण्यांत त्यानें आपलें नांव कोरलें; ही खोड केवळ आपलीच समजूं नये!) तेथून पायऱ्यांनीं उतरून पुलावरून वाघूर ओलांडावी. घळीच्या टोकाशीं नदी सात टप्प्यांनीं कोसळते. तेंच पाणी पुढें धरणांतून जळगांवच्या नळांस येतें. वर्षावासास भिक्षूंनीं ही जागा कां निवडली असावी, हें तो घोष ऐकतांच कळतें. पायऱ्या निसरड्या, म्हणून वडील मंडळींनीं फर्दापूर तिठ्याच्या बसनें यावें. सुनांना मात्र सोबतीच्या नांवाखालीं बसवून ठेवूं नये.