लहान शहराची शांतता आणि उधारी

येवल्यासारख्या लहान शहरात राहण्यात सुकून आहे, यात शंका नाही. दौंड-मनमाड रेल्वेमार्गावरचे हे तालुक्याचे गाव. रेशीम बंगळूरचे, जर सुरतेची, पण पैठणी इथल्या हातमागाची. दुकानदार, कारागीर, गिऱ्हाईक सारे एकमेकांना ओळखतात. त्यामुळे एतबार हेच मोठे भांडवल. यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून विकणे इथे सोपे नाही. कारागीर काठ उलटून धागे पाहतो आणि संध्याकाळपर्यंत गावभर बभ्रा होतो.

परंतु या ओळखीचा तोटाही आहे. उधारी मागायला जीभ रेटत नाही. तगादा लावावा तर उद्या त्याच माणसाशेजारी लग्नाच्या जेवणाला बसायचे असते. पैसा अडकला की दुकानदार विणकराची मजुरी लांबवतो. एका पैठणीवर कित्येक आठवडे, कधी महिने राबलेल्या माणसाने मग काय खावे? त्याची मुले शहराची वाट धरतात ती शांततेला कंटाळून नव्हे, असे माझे मत आहे.

व्यापारी बांधवांनी उधारी लिहून, मुदत ठरवूनच द्यावी. मजुरी मात्र रोख चुकवावी. माग थांबल्यावर येणारी शांतता कोणालाच परवडणार नाही.